हातभर केबल आणि लायटनिंग कॉल

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. नेवाशाच्या अलीकडच्या एका गावात, शांतवनभाऊंच्या सेवा केंद्रात, भिंतीवरच्या फळीवर माझा मुक्काम असतो. मूळचा मी पांढराशुभ्र होतो, आता माझा रंग चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला आहे. माझ्या दोन अँटेनांपैकी एक मोडकी आहे आणि तिला चिकटपट्टी लावलेली आहे. स्वभावाने मी फार काळजीखोर आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण माझं कामच तसं आहे. सेकंदाला हजारो पाकिटं माझ्यापुढे येऊन उभी राहतात आणि प्रत्येक जण एकच विचारतो, मी कुठून जाऊ? अशाने कुणाला स्वस्थता मिळेल?

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, हे माझ्या पोटाखालच्या स्टिकरवर लिहिलेलं होतं. उन्हाने ती अक्षरं उडून गेली. मला आठवतो तो थेट नगरचा सावेडी भाग आणि तिथला एक कॉम्प्युटर क्लास. बाहेरून इंटरनेटची एकच तार यायची आणि तीस मुलं ती माझ्यामार्फत वापरायची. कुणी टायपिंगची परीक्षा देत असे, कुणी निकाल बघत असे, कुणी सरांचा डोळा चुकवून क्रिकेट लावत असे. सर पाहुण्यांना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "एवढासा आहे, पण तीस जणांना सांभाळतो." त्या वेळी माझे दिवे जरा जास्तच लुकलुकत असावेत.

तीस जणांना मी कसा सांभाळायचो, ते सांगतो. पाकीट म्हटलं की तुम्हाला दुधाची पिशवी आठवेल, पण माझी पाकिटं वेगळी. समजा, तुम्ही कुणाला फोटो पाठवला. तो अख्खा कधीच जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकडा एका पाकिटात बसतो आणि पाकिटावर पत्ता आणि नंबर पडतो. लग्नाचं वऱ्हाड निघतं तसंच हे. काही मंडळी जीपमध्ये, काही टेम्पोत, काही मोटारसायकलवर. घोडेगावला रस्ता अडला, तर मागची गाडी दुसऱ्या रस्त्याने वळते. मांडवात पोहोचल्यावर सगळे पुन्हा आपापल्या नंबराप्रमाणे बसतात. फोटोतलं एखादं पाकीट वाटेत हरवलं, तर तेवढंच परत मागवलं जातं, सगळं वऱ्हाड पुन्हा निघत नाही. आणि रस्ता कुणा एकाच्या मालकीचा नसल्यामुळे तीस मुलांची पाकिटं एकामागे एक, एकाच तारेतून जातात. गर्दी झाली की उशीर होतो, हे मी नाकारत नाही. पण रस्ता अडवून कुणी बसत नाही. पाकिटाच्या आत काय आहे, ते मला दिसत नाही. मी फक्त पत्ता वाचतो आणि पुढे देतो.

पुढे क्लासमध्ये नवा राऊटर आला. मला काढून एका खोक्यात टाकलं, मेलेल्या माउसांच्या आणि गुंतलेल्या वायरींच्या संगतीत. दोन वर्षं मी तिथे होतो. वीज नाही, पाकिटं नाहीत, कुणी काही विचारत नाही. मित्रांनो, काळजी करायला काहीच नसणं ही काळजीखोराला सगळ्यात मोठी शिक्षा असते.

मला त्या खोक्यातून रूथने काढलं. ती शांतवनभाऊंची एकुलती एक मुलगी, नगरच्या एका इस्पितळात नर्स. कधीकाळी ती त्याच क्लासला येत असे. क्लास बंद होतोय असं कळल्यावर तिने मला मागून घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून गावी आणलं. तिची आई मरियम त्याच वर्षी वारली होती. वडील घरात एकटे पडले होते, म्हणून रूथने पुढच्या खोलीत त्यांना सेवा केंद्र काढून दिलं. सातबाराचे उतारे, दाखले, म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्यांची नोंद, असली कामं तिथे होतात.

रूथने मला दोन वाटा दिल्या. एक जमिनीतून येणारी फायबरची तार. दुसरी छतावरची डिश. ती समोरच्या डेअरीच्या मनोऱ्याकडे तोंड करून बसते आणि तिचं इंटरनेट हवेतून श्रीरामपूरच्या बाजूने येतं. डिशची वायर खिडकीतून आत येऊन एका डबीत शिरते आणि त्या डबीपासून माझ्यापर्यंत एक हातभर केबल आहे. रूथने वडिलांना समजावून सांगितलं होतं, की एक वाट बंद पडली तर राऊटर आपोआप दुसरीकडून पाकिटं पाठवतो, तुम्हाला हात लावायचं काम नाही. शांतवनभाऊंनी मान डोलावली होती. पण त्या मानेचा मला तेव्हाही भरवसा वाटला नव्हता.

त्याला कारण होतं. शांतवनभाऊ तरुणपणी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्यांसारख्या वायरी. नगरहून मुंबईला बोलायचं तर आधी ट्रंक कॉल बुक करायचा. साधा कॉल असेल तर दिवस जायचा, अर्जंट असेल तर थोडा लवकर लागायचा, आणि सगळ्यात घाईचा तो लायटनिंग कॉल. शांतवनभाऊ वायर खोचायचे आणि त्या दोन माणसांसाठी अख्खी लाईन राखून ठेवायचे. ती माणसं रडत असोत, भांडत असोत की नुसती गप्प असोत, लाईन त्यांचीच. दुसऱ्याने त्यात शिरायचं नाही. चुकून दुसरी वायर लागली तर क्रॉस कनेक्शन व्हायचं, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात जायचं आणि साहेबांची बोलणी बसायची. तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून विचारायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायची का? हे सगळं त्यांच्या हाडात मुरलं होतं. अजूनही कुणाचा फोन आला की ते घड्याळ बघत आणि तीन मिनिटांच्या आत बोलणं आवरत.

रूथ गावाहून नगरला ये-जा करत दीड वर्ष जर्मन भाषा शिकली. पहाटे पाचला तिचा वर्ग असे आणि तिच्या शिक्षिकेची पाकिटं माझ्यातूनच येत. जर्मनमधल्या नमस्कारावरून गल्लीतल्या बायका तिला गमतीने गुटनटागबाई म्हणू लागल्या. परीक्षा पास झाल्यावर जर्मनीतल्या एका इस्पितळाने तिची मुलाखत ठरवली, एप्रिलमधल्या एका मंगळवारी, दुपारी दीड वाजता. पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की मध्येच संपर्क तुटला, तर दहा मिनिटं वाट बघू, मग पुढच्या उमेदवाराला घेऊ. पुढची फेरी एका वर्षाने.

शांतवनभाऊंनी ते पत्र तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाले, "म्हंजी लायटनिंग कॉल हाय."

त्या दिवशी सकाळपासूनच मी काळजीत होतो. एक तर ऊन मी म्हणत होतं आणि हवा जाण्याची माझी जाळी धुळीने बुजली होती. शिवाय खरं सांगायचं तर मला रूथच्या जाण्याचीच धास्ती होती. महिन्यातून एकदा जुन्या ब्रशने माझी धूळ झाडणारी तीच एकटी. ती गेली तर मला कोण बघणार? क्षणभर मनात आलं, नाही झाली मुलाखत तर काय बिघडलं? लगेच मला स्वतःची लाज वाटली, पण आलेला विचार आला होताच.

एक वाजता शांतवनभाऊंनी केंद्रातले दोन्ही कॉम्प्युटर बंद केले. अंगठ्याचं यंत्र बंद केलं. घरातले सगळे मोबाईल, रूथचासुद्धा, बंद करून पोह्यांच्या डब्यात ठेवले आणि वर झाकण लावलं. बनुबाई नावाची शेजारच्या वस्तीवरची म्हातारी अंगठा द्यायला आली होती. तिला त्यांनी सांगितलं, तीनपर्यंत काही होणार नाही, लाईन बुक आहे. ती म्हणाली, मग मी बसते. गवारीच्या शेंगांची पिशवी पायाशी ठेवून ती बाकावर बसून राहिली.

रूथ आतल्या खोलीत लॅपटॉप लावून बसली होती आणि दार बंद होतं. शांतवनभाऊ माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्याकडे निरखून बघू लागले. माझ्यात दोन वाटांच्या दोन केबली खोचलेल्या. जुन्या ऑपरेटरला ते कसं सहन व्हावं? त्यांच्या डोक्यात आलं, की डेअरीची लाईन पण याच्यातच लागलीय, आता जर्मनीचा साहेब एकीकडे आणि डेअरीचा सेक्रेटरी दुसरीकडे, दोघांचं क्रॉस कनेक्शन होणार. त्यांनी डिशची हातभर केबल दोन्हीकडून काढली, एक्सचेंजच्या शिस्तीने तिची नीट गुंडाळी केली आणि बाकाच्या कडेला ठेवली.

मित्रांनो, मला त्या वेळी ओरडता आलं असतं तर मी सगळं गाव गोळा केलं असतं. माझ्याजवळ आवाज नाही, फक्त दिवे आहेत. डिशचा दिवा विझला. तो कुणी पाहिला नाही.

दीड वाजता कॉल लागला. माझ्यातून जाणाऱ्या पाकिटांचा ओघ सुरू झाला आणि मी जिवाचं रान करून एकेकाला वाट दाखवू लागलो. बंद दाराआडून रूथचा आवाज ऐकू येत होता. आधी अडखळत, मग ठाम. एकदा ती हसलीसुद्धा. शांतवनभाऊ भिंतीवरच्या घड्याळासमोर उभे होते आणि दर तीन मिनिटांनी त्यांचे ओठ हलत होते. मी मात्र सारखा त्या रिकाम्या भोकाकडे बघत होतो. एकाच वाटेवर एवढं मोठं ओझं टाकायची मला सवय नव्हती.

एक बेचाळीसला फायबरचा दिवा लाल झाला.

पाकिटं येत राहिली, रूथच्या तोंडची, तिच्या चेहऱ्याची, आणि सगळी विचारत राहिली, मी कुठून जाऊ? एकही वाट उरली नव्हती. थोडा वेळ मी त्यांना थांबवून धरलं, पण माझी जागा ती किती? मग ती गळून पडू लागली. या कामात मी अनेक पाकिटं हरवलेली पाहिली आहेत, पण ती गळती मी अजून विसरलेलो नाही.

दार उघडून रूथ बाहेर आली. "पप्पा, नेट गेलं. मी वाक्याच्या मध्यात होते."

शांतवनभाऊंनी पोह्यांचा डबा उघडला आणि मोबाईल सुरू केले. ते सुरू व्हायला मिनिट गेलं आणि सुरू होऊनही उपयोग झाला नाही, कारण गावातल्या टॉवरचं इंटरनेटही त्याच फायबरवरून येत होतं. तेवढ्यात दारात डोकावून आलेली बनुबाई म्हणाली, "तिकडं पाइपलाइनच्या चारीत जेशीबीनं वायर तोडली म्हनं. मानसं जमा झाल्यात."

"पण मग डिश आहे ना," रूथ म्हणाली. "ती आपोआप लागायला हवी होती." तिने वर माझ्याकडे बघितलं. रिकामं भोक तिला दिसलं आणि ती वडिलांकडे वळली.

"तुम्ही काढलीत?"

त्यांनी होय अशी मान हलवली.

"पप्पा, खरं सांगा. मी जाऊ नये म्हणून काढलीत का?"

मला वाटलं, ती माझ्याकडे बघून विचारते आहे. शांतवनभाऊंनी त्या रिकाम्या भोकाकडे बोट केलं. "न्हाई गं. लाईन मोकळी ठिवली हुती तुझ्यासाठी. क्रॉस कनेक्शन व्हईल म्हनून."

त्यावर रूथ काय म्हणाली असती, कोण जाणे. वेळच नव्हता. चार मिनिटं उलटून गेली होती. तिने एवढंच विचारलं, केबल कुठंय? शांतवनभाऊ बाकाकडे वळले. बाकावर केबल नव्हती.

बनुबाईने पदर सावरला आणि पायाशी बघितलं. तिच्या शेंगांच्या पिशवीचं तोंड फाटलं होतं. बसल्या बसल्या तिने ते बांधून टाकलं होतं. "मला वाटलं, टाकून दिल्याली सुतळी हाय," ती म्हणाली.

माझी हातभर केबल गवारीच्या पिशवीला दोन गाठी मारून करकचून आवळलेली होती. एका टोकाची चिमुकली खिट्टी, जी माझ्यात अडकून बसते, ती त्या ओढाताणीत मोडली होती. रूथने नखांनी गाठ सोडवायला घेतली. गाठ सुटेना. मग बनुबाई खाली बसली, रूथचा हात बाजूला केला आणि दातांनी पहिली गाठ सैल केली. कात्रीने कापून चालणार नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. दुसऱ्या गाठीला वेळ लागला. शेंगा जमिनीवर पसरल्या. शांतवनभाऊ घड्याळ बघत होते आणि मिनिटं मोठ्याने मोजत होते, सात, आठ. मला वाटत होतं, यांनी मोजू नये.

गाठ सुटली. केबलचं चांगलं टोक डबीत बसलं. मोडकं टोक माझ्यात घातलं आणि ते लगेच बाहेर घसरलं. पुन्हा घातलं, पुन्हा घसरलं. तेव्हा शांतवनभाऊंनी रूथला बाजूला केलं, ते टोक माझ्या भोकात बसवलं आणि अंगठ्याने दाबून धरलं.

"जा तू," ते म्हणाले. "मी धरतो."

डिशचा दिवा लागला. मी एका दमात दुसरी वाट मोकळी केली. थांबलेली, नवी, सगळी पाकिटं आता फायबरकडे न वळता डेअरीच्या मनोऱ्याकडे निघाली आणि श्रीरामपूरच्या बाजूने बाहेर पडली. पत्ता तोच, फक्त रस्ता बदलला. कॉल पुन्हा बुक करावा लागला नाही, कुणा ऑपरेटरची विनवणी करावी लागली नाही. आतून एका परक्या बाईचा आवाज आला आणि त्यावर रूथचा. माफी मागून तिने अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं असावं. एक बावन्न व्हायला थोडासा अवधी होता.

मुलाखत पुढे तेवीस मिनिटं चालली. तेवीस मिनिटं शांतवनभाऊ फळीपाशी हात वर करून उभे होते. पासष्ट वर्षांचा माणूस. त्यांचा खांदा दुखायला लागला हे मला अंगठ्यातून कळत होतं. एकदा अंगठा सरकला, टोक जरासं हललं आणि शे-दोनशे पाकिटं पडली. आत रूथचा आवाज क्षणभर चिरकला, पण पुढची पाकिटं वेळेवर आली आणि बोलणं तुटलं नाही. बनुबाईने स्टूल आणून दिलं, ते त्यांनी नको म्हटलं. बसलं तर हात पोचणार नव्हता. तीन मिनिटं झाली, सहा झाली, नऊ झाली. ते घड्याळाकडे बघत होते आणि त्यांचे ओठ हलत नव्हते.

रूथ बाहेर आली तेव्हा ते तसेच उभे होते. कॉल संपलाय, सोडा आता, असं तिला दोनदा सांगावं लागलं. मग तिने स्वतःच त्यांचा हात खाली घेतला आणि अंगठ्यावर उमटलेला खळगा चोळत राहिली. मघाच्या प्रश्नाचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

रूथची निवड झाली. सप्टेंबरात ती गेली. जाण्याआधी तिने मला नवी केबल आणली, माझी जाळी साफ केली आणि तो ब्रश वडिलांच्या हातात दिला. ते दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर माझी धूळ झाडतात. जरा जोरातच झाडतात, पण झाडतात. मोडक्या खिट्टीची केबल त्यांनी खिळ्याला टांगून ठेवली आहे.

तुम्हाला माझं एक सांगणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी कोपऱ्यात लुकलुकत असेल, तर त्याच्यावर वर्तमानपत्रं रचू नका, त्याला श्वास घेऊ द्या. त्याचा एखादा दिवा विझलेला दिसला, तर मोठ्या माणसांना लगेच सांगा. आणि त्याची दुसरी वाट उगाच पडून आहे असं समजून कुणी ती काढायला गेलं, तर त्यांचा हात धरा. चांगल्या दिवसांत ती वाट निरुपयोगीच दिसते. मी अजूनही दोन्ही दिव्यांवर सारखी नजर ठेवून असतो. फायबर जोडून झालं, पण चारी कधी पुन्हा खणतील, याचा काय नेम?

आता रोज दुपारी रूथचा इंटरनेटवरून, माझ्यामार्फतच फोन येतो, तिची ड्युटी सुरू होण्याआधी. केंद्रात माणसं असतातच. परवा बनुबाई पुन्हा अंगठा द्यायला आली होती. शांतवनभाऊंनी एका हाताने मोबाईल कानाला लावला होता. काय जेवलीस, थंडी किती आहे, हे सगळं विचारून झालं. मग दोघंही गप्प झाली. शांतवनभाऊंनी सवयीने घड्याळाकडे बघितलं.

"तीन मिन्टं झाली," ते म्हणाले.

"वाढवा पप्पा," ती म्हणाली.

त्यांनी फोन ठेवला नाही. मोबाईल कानाशी तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने अंगठ्याचं यंत्र बनुबाईपुढे सरकवलं. पूर्वीच्या लाईनीत बापलेकीच्या त्या गप्प बसण्याने सगळा रस्ता अडला असता आणि बाकीचे लोक ताटकळले असते. इथे रस्ता मोकळाच होता. तिकडून तिचा श्वास तेवढा येत होता, एखाददुसरं पाकीट. त्या पाकिटांच्या मधूनच मी बनुबाईचा अंगठा पुढे पाठवून दिला.